अल्बर्टा हंटर : एका विसरलेल्या गायिकेची कथा

गाणें मागें उरतें आणि गाणारा विस्मृत होतो, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. जात्यावरच्या ओव्या आमच्या आज्यापणज्यांपासून चालत आल्या. परंतु त्यांतील अमुक ओवी प्रथम कोणत्या बाईच्या मुखांतून निघाली, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. तोंडोतोंडीं चालत आलेल्या गाण्यांच्या बाबतींत यास इलाज नाहीं. परंतु जें गाणें छापलें गेलें, ज्याच्या तबकड्या लाखोंनीं खपल्या, त्या गाण्याची कर्तीहि जेव्हां विसरली जाते, तेव्हां त्या विस्मरणास कांहीं कारणें असलीं पाहिजेत. आणि कारणें असलीं म्हणजे तीं शोधून काढणें हें अभ्यासकाचें काम ठरतें. अमेरिकेंतील अल्बर्टा हंटर नामक कृष्णवर्णीय गायिकेच्या उदाहरणावरून हीं कारणें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. ही बाई तारुण्यांत नामांकित गायिका होती. पुढें वीस वर्षें ती एका रुग्णालयांत परिचारिका म्हणून राबली, व तेथील बहुतेकांस ती पूर्वीं कोण होती याची कल्पनाहि नव्हती. आणि वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं ती पुनः श्रोत्यांपुढें उभी राहिली.

प्रथम ‘ब्लूज’ हा गाण्याचा प्रकार काय आहे तें सांगितलें पाहिजे. इंग्रजी बोलणारे लोक मनाच्या उदासपणास निळा रंग कल्पितात, व त्यावरून या गाण्यांस हें नांव पडलें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत आफ्रिकेंतून धरून आणिलेले लोक पिढ्यानुपिढ्या गुलामगिरींत पिचत होते. १८६५ सालीं यादवी युद्ध संपून गुलामगिरी कायद्यानें बंद झाली; तथापि दारिद्र्य, अपमान व जुलूम हीं कांहीं कायद्यानें बंद झालीं नाहींत. कापसाच्या शेतांत राबणाऱ्यांच्या आरोळ्या, मजुरांचीं श्रमगीतें व उपासनेंत गाइलीं जाणारीं भजनें यांचा संस्कार घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ब्लूजचा उदय झाला. १९१२ सालीं डब्ल्यू. सी. हँडी यानें ‘मेंफिस ब्लूज’ व १९१४ सालीं ‘सेंट लुइस ब्लूज’ हीं गाणीं छापून प्रसिद्ध केलीं, आणि तोंडोतोंडीं चालणारा हा प्रकार शहरांतील नाटकगृहांत व घरोघरच्या पियानोवर येऊन पोंचला.

त्याची रचना अगदीं साधी आहे. एका कडव्यांत तीन ओळी असतात. पहिल्या ओळींत गाणारा आपलें दुःख सांगतो. दुसऱ्या ओळींत तेंच पुनः, बहुधा त्याच शब्दांत, सांगतो. आणि तिसऱ्या ओळींत त्याचें कारण, त्यावरचा निश्चय किंवा क्वचित् त्याची थट्टाहि येते. चार मात्रांचा एक खंड, असे चार खंड एका ओळीस लागतात. म्हणजे तीन ओळींचे बारा खंड मिळून अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन होतें. गाणारा ओळीचे शब्द सुमारें निम्म्या वेळांत संपवितो, व उरलेल्या वेळांत पियानो, कॉर्नेट किंवा गिटार त्यास उत्तर देते. स्वरांचें म्हणाल तर गांधार व निषाद हे स्वर शुद्धहि नव्हेत व कोमलहि नव्हेत अशा मधल्या ठिकाणीं लावितात. आमच्या पेटीवर ज्याप्रमाणें मींड काढतां येत नाहीं, त्याप्रमाणेंच पियानोच्या पट्ट्यांवर हें मधलें ठिकाण सांपडत नाहीं. तें गळ्यांतच असावें लागतें. पहिल्या ओळीचा पुनरुच्चार हा केवळ अलंकार नव्हे. एकदां सांगून आपलें दुःख कोणी ऐकत नाहीं, हा ज्यांचा रोजचा अनुभव, त्यांनीं तें दुसऱ्यांदा सांगण्याची सोय गाण्यांतच करून ठेविली, असें आम्हांस वाटतें.

या गाण्यांविषयीं तेथील धर्मनिष्ठ मंडळ्यांत पुष्कळ काळ नापसंती होती. तीं दारूच्या गुत्त्यांत व नाचघरांत गाइलीं जात, आणि त्यांपैकीं कितीएकांचा विषय फसलेलें प्रेम हा असे; त्यामुळें अनेक घरांत तीं गाण्याची मुलांस बंदी होती. हा आक्षेप अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांनीं स्तोत्रसंहिता लक्षपूर्वक वाचिली आहे, त्यांस हें ठाऊक आहे कीं, तींत स्तुतीबरोबर विलापहि आहे. पुष्कळदां ज्या कंठांतून रविवारीं भजन निघे त्याच कंठांतून शनिवारीं ब्लूज निघत असे, आणि दोहोंतील हुंदका एकच होता.

अल्बर्टा हंटर हिचा जन्म १ एप्रिल १८९५ रोजीं टेनेसी संस्थानांतील मेंफिस शहरीं झाला. बाप लहानपणींच कुटुंबास सोडून गेला. आई घरकामाची चाकरी करून संसार चालवी. शिकागो शहरांत गाणाऱ्या मुलींस आठवड्यास दहा डॉलर मिळतात असें कानीं आल्यावरून ही मुलगी लहान वयांतच घर सोडून तेथें गेली. परंतु गाण्याचें काम तिला लागलीच कोण देणार? प्रथम तिनें एका खाणावळींत काम धरिलें. तेथें राहणें, जेवण व आठवड्यास सहा डॉलर मिळत. पुढें लवकरच आईहि शिकागोस येऊन तिच्याजवळ राहिली. हलक्या प्रतीच्या गुत्त्यांपासून आरंभ करून ती पायरीपायरीनें वर चढली, व अखेर ड्रीमलँड नामक प्रसिद्ध नाचघरांत गाऊं लागली. तेथें किंग ऑलिव्हर या नामांकित कॉर्नेटवादकाचा ताफा तिच्या साथीस असे.

याच सुमारास तबकड्यांच्या व्यापारांत एक मोठी घडामोड झाली. कृष्णवर्णीय लोक तबकड्या विकत घेणार नाहींत, अशी तोंपर्यंत कंपन्यांची समजूत होती. १९२० च्या ऑगस्टांत मेमी स्मिथ या गायिकेनें ‘क्रेझी ब्लूज’ हें गाणें न्यूयॉर्क येथें मुद्रित केलें, व त्याच्या तबकड्या हजारोंनीं खपल्या. समजूत खोटी ठरतांच कंपन्या अशा गायिकांच्या शोधास लागल्या. म्हणजे तबकडीवरील ब्लूजचा आरंभ स्त्रियांनीं केला, पुरुषांनीं नव्हे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें नेमका हिचाच विसर पडला.

अल्बर्टानें १९२१ सालीं ब्लॅक स्वान या कंपनीसाठीं प्रथम गाणीं मुद्रित केलीं. ही कंपनी हॅरी पेस या कृष्णवर्णीय गृहस्थानें काढिलेली होती. पुढील वर्षीं ती पॅरामाउंट कंपनीकडे गेली, व तेथें तिनें ‘डाउन हार्टेड ब्लूज’ हें गाणें मुद्रित केलें. शब्द तिचे, व चाल लव्ही ऑस्टिन या पियानो वाजविणाऱ्या बाईची. पुरुषांच्या ताफ्याचें नेतृत्व करणाऱ्या स्त्रिया त्या काळीं विरळा; ऑस्टिनबाई त्यांपैकीं एक होती. १९२३ च्या फेब्रुवारींत बेसी स्मिथ हिनें कोलंबिया कंपनीसाठीं आपली पहिली तबकडी काढिली, आणि त्यासाठीं हेंच गाणें निवडिलें. बेसीचा आवाज विलक्षण भारदस्त होता. सहा महिन्यांच्या आंत या तबकडीच्या सुमारें ७ लाख ८० हजार प्रती खपल्या असा आंकडा दिला जातो. बेसी स्मिथ पुढें ‘ब्लूजची सम्राज्ञी’ या पदवीस चढली, व हें गाणें तिचेंच होऊन बसलें.

येथें विस्मरणाचें पहिलें कारण दिसून येतें. श्रोता गाणें ओळखतो तें आवाजावरून. तें रचिलें कोणीं, हें तबकडीवरच्या बारीक अक्षरांत तो शोधीत बसत नाहीं. रचणारांस न कळवितां मध्यस्थांनीं गाण्याच्या हक्कांचा व्यवहार उरकून घेणें ही त्या धंद्यांत नित्याची गोष्ट होती. अल्बर्टाहि त्या अनुभवांतून सुटली नाहीं, आणि गाण्यानें मिळविलेल्या पैशाचा मोठा भाग दुसऱ्यांकडे गेला. शिवाय एका कंपनीशीं करार असतां दुसरीकडे गावयाचें झालें तर नांव बदलावें लागे. १९२४ सालीं लुई आर्मस्ट्राँग व सिडनी बेशे अशा थोर वादकांच्या साथीनें तिनें गाणीं मुद्रित केलीं तीं जोसेफीन बीटी या नांवानें. याप्रमाणें तिचें गाणें बेसीच्या नांवानें गाजलें, तिचा आवाज जोसेफीनच्या नांवानें विकला गेला, आणि अल्बर्टा हें नांव मात्र दोहोंच्या मध्यें राहून गेलें.

दुसरें कारण व्यापाराचें आहे. अमेरिकेंत १९२७ सालीं सुमारें दहा कोटी तबकड्या खपल्या होत्या. १९२९ सालीं आर्थिक अरिष्ट कोसळलें, व १९३२ सालीं हा खप साठ लाखांच्या आसपास आला. ज्या पॅरामाउंट कंपनीनें अल्बर्टाचें गाणें प्रथम काढिलें ती मूळची विस्कॉन्सिन संस्थानांतील एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची शाखा होती. कारखाना ग्रामोफोनच्या लांकडी पेट्या करी, आणि पेट्या खपाव्या म्हणून तबकड्या काढी. खप बसतांच त्यानें हा धंदा गुंडाळिला, व तबकड्या छापण्याचे धातूचे ठसे पुष्कळसे मोडींत गेले. ज्यास गाणें हें पेटी विकण्याचें साधन होतें, त्यानें तें ठेव्यासारखें जपावें ही अपेक्षाच व्यर्थ होय. गायिकांची वाताहत झाली. बेसी स्मिथ १९३७ सालीं मोटारीच्या अपघातांत मरण पावली, व १९७० पर्यंत तिच्या कबरेवर दगडहि नव्हता. सिपी वॉलेस ही गायिका डेट्रॉइट येथें उपासनामंदिरांत ऑर्गन वाजवीत राहिली. लव्ही ऑस्टिन शिकागोंतील एका नृत्यशाळेंत पियानो वाजवूं लागली.

तिसरें कारण अधिक विचार करण्याजोगें आहे, कारण तें द्वेषांतून नव्हे तर प्रेमांतून उत्पन्न झालें. १९६० नंतर अमेरिकेंतील कांहीं तरुण रसिक, बहुतेक गौरवर्णीय, जुन्या ब्लूज-गायकांच्या शोधार्थ दक्षिणेकडे निघाले. १९६३ सालीं त्यांस मिसिसिपी जॉन हर्ट सांपडला, व १९६४ सालीं सन हाउस आणि स्किप जेम्स हे सांपडले. त्यांचे परिश्रम खरोखर स्तुत्य होते. परंतु खऱ्या ब्लूज-गायकाचें एक ठराविक चित्र त्यांच्या मनांत होतें: खेड्यांतला, एकटा, दरिद्री पुरुष, आणि हातांत गिटार. रेशमी झगा घालून, ताफा घेऊन, शहरांतील नाटकगृहांत गाणारी स्त्री या चित्रांत बसत नव्हती. तिचें गाणें त्यांस बाजारी वाटलें. वास्तविक पाहतां या पुरुषांच्या कित्येक वर्षें आधीं त्या स्त्रियांच्या तबकड्या निघाल्या होत्या. मनांतील चित्राशीं जें जुळतें तेंच शोधणारास दिसतें, आणि जें जुळत नाहीं तें डोळ्यांपुढें असूनहि दिसत नाहीं. अल्बर्टा कोठें रानांत लपली नव्हती. ती न्यूयॉर्क शहरांतच होती. १९६१ सालीं क्रिस अल्बर्टसन यानें तिला शोधून कांहीं गाणीं मुद्रितहि केलीं, व त्यांपैकीं कांहींस पियानोवर साथ तिच्या जुन्या मैत्रिणीची, लव्ही ऑस्टिनची, होती. तरीहि जगाचें लक्ष तिकडे गेलें नाहीं.

मधल्या काळांत ती काय करीत होती, हें आतां पाहूं. तबकड्यांचा धंदा बुडण्यापूर्वींच ती युरोपांत गेली होती. १९२८ सालीं लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहांत ‘शो बोट’ या संगीत नाटकांत पॉल रोबसन या विख्यात गायकाबरोबर तिनें भूमिका केली, व १९३४ सालीं तेथील डॉर्चेस्टर हॉटेलांत ती गात होती. ज्या संगीतांत ती वाढली त्याचा एक फांटा त्याच सुमारास मुंबईसहि पोंचला: १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, आणि पुढें शिकागोंत नांव मिळविलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड हाहि तेथें आला. त्यांच्या सहवासांत अनेक गोमंतकीय वादकांनीं ही विद्या संपादन केली. दुसऱ्या महायुद्धांत अल्बर्टा सैनिकांच्या मनोरंजनासाठीं पथक घेऊन निघाली, व चीन, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान या आघाडीवरहि तिनें गायन केलें.

१९५० नंतरच्या दशकांत तिची आई वारली, आणि रंगभूमीवरून तिचें मन उडालें. कोणाच्या तरी उपयोगीं पडावें म्हणून तिनें परिचारिका होण्याचें ठरविलें. परंतु ती साठीच्या घरांत होती. त्या वयाच्या बाईस शिकवून नोकरींत कोण घेणार? तेव्हां तिनें आपल्या वयांतून बारा वर्षें कमी करून सांगितलीं, व हायस्कूलच्या शिक्षणाचा दाखला नसतां तो असल्याचें दाखविलें. हें असत्य होतें, आणि त्यास दुसरें नांव देणें शिक्षकाच्या लेखणीस शोभणार नाहीं. तथापि एवढें म्हटलें पाहिजे कीं, मनुष्य असत्य बोलतो तें बहुधा कष्ट टाळण्यासाठीं. या बाईनें तें कष्ट मिळावेत म्हणून केलें. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदींतील बेटावर गोल्डवॉटर मेमोरियल नांवाचें रुग्णालय होतें. तेथें दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्यांस ठेवीत. त्या रोग्यांस उठविणें, बसविणें, धुणें, भरविणें हें काम तिनें वीस वर्षें केलें. आपल्या पूर्वायुष्याविषयीं ती मौन पाळून असे. १९२१ सालीं आपण गाणीं मुद्रित केलीं असें तिनें सांगितलें असतें तर तिच्या खऱ्या वयाचा हिशोब कोणीहि केला असता. म्हणून वय लपविण्यासाठीं तिला कीर्तीहि लपवावी लागली, असा आमचा तर्क आहे. असत्याची किंमत ती ही.

१९७७ सालीं रुग्णालयानें तिला वयपरत्वें निवृत्त केलें. त्यांच्या समजुतीप्रमाणें ती सत्तर वर्षांची झाली होती; वास्तविक ती ब्यायशी वर्षांची होती. काम गेल्याचें तिला दुःख झालें. परंतु त्याच वर्षीं संगीत-व्यवसायांतील मंडळींच्या एका मेजवानीस ती गेली असतां तेथील जाणत्यांनीं तिला ओळखिलें, व तिची वार्ता बार्नी जोसेफसन या गृहस्थापर्यंत पोंचली. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथें गौर व कृष्णवर्णीय लोक एकत्र बसतील असें ‘कॅफे सोसायटी’ नांवाचें संगीतगृह काढणारा तो हाच. आतां तो ‘कुकरी’ नांवाचें उपाहारगृह चालवीत होता. त्यानें तिला दोन आठवड्यांसाठीं बोलाविलें, आणि १९७७ च्या ऑक्टोबरांत ती तेथें गाऊं लागली. दोन आठवड्यांचीं वर्षें झालीं. आवाज वयोमानानें जाड झाला होता, परंतु शब्दोच्चार खणखणीत व ताल अचूक होता. शोकगीतांबरोबर थट्टेचीं गाणीं व ईश्वराचे आभार मानणारीं गाणींहि ती गाई. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यासमोरहि तिचें गायन झालें.

१९७८ सालीं ‘रिमेंबर माय नेम’, म्हणजे ‘माझें नांव लक्षांत ठेवा’, या नांवाचा एक चित्रपट निघाला, व त्यांतील गाणीं तिनें गाइलीं. तबकडी काढिली कोलंबिया कंपनीनें. मुद्रणावर देखरेख जॉन हॅमंड याची होती, ज्यानें १९३३ सालीं बेसी स्मिथचीं शेवटचीं गाणीं मुद्रित केलीं होतीं. या तबकडीवर ‘डाउन हार्टेड ब्लूज’ आहे. ज्या कंपनीनें १९२३ सालीं हें गाणें दुसऱ्या गायिकेच्या आवाजांत लाखों घरांत नेलें, त्याच कंपनीनें पंचावन्न वर्षांनीं तें त्याच्या कर्तीच्या मुखांतून जगापुढें ठेविलें. अल्बर्टा हंटर १७ ऑक्टोबर १९८४ रोजीं न्यूयॉर्क येथें मरण पावली. २०११ सालीं ब्लूज-संगीताच्या कीर्तिमंदिरांत तिच्या नांवाची नोंद झाली. गोल्डवॉटर रुग्णालय २०१३ सालीं बंद झालें, व त्या जागीं आतां एक विद्यापीठ उभें आहे.

ही कथा वृत्तपत्रांनीं ‘गायिकेचा पुनर्शोध’ म्हणून गाजविली. या शब्दांविषयीं आमचें थोडें निराळें मत आहे. हरवलेली वस्तु सांपडते. परंतु अल्बर्टा स्वतःस कधींच हरवली नव्हती. ती काल गात होती, मग रोग्यांची सेवा करीत होती, मग पुनः गाऊं लागली. हरवलें होतें तें श्रोत्यांचें लक्ष. तसेंच तिच्या परिचर्येच्या वीस वर्षांस अंधारकोठडी समजूं नये. जी वर्षें जगाच्या दृष्टीनें रिकामीं होतीं, तीं त्या रोग्यांच्या दृष्टीनें रिकामीं नव्हतीं. सिपी वॉलेसप्रमाणें तिलाहि ऐकणारे मिळाले, हें आमचें सद्भाग्य. ज्या गायिका ऐकणारे येण्यापूर्वींच गेल्या त्यांची संख्या मोठी आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज एखादें गाणें ऐकणें किती सोपें झालें आहे! यंत्रास सांगतांच तें कानांत वाजूं लागतें. परंतु जितकें ऐकणें सोपें, तितकें कोणाचें ऐकतों हें विसरणेंहि सोपें. म्हणून आमची सूचना एवढीच आहे कीं, एखादें गाणें मनास लागलें म्हणजे त्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची व आवाज कोणाचा, हे तीन प्रश्न विचारावे, आणि उत्तरें टिपून ठेवावीं. तुमच्या घरांत आजी ओव्या म्हणत असेल तर त्या आजच लिहून घ्याव्या, आणि वहीच्या वर तिचें नांव घालावें. ओवी प्रथम कोणीं रचिली हें आतां कळणार नाहीं. परंतु ती तुमच्यापर्यंत कोणीं पोंचविली, हें तरी पुढील पिढीस कळेल.